ऐंशी हजारांचा आकडा आणि छत्तीस तासांचा आठवडा: टेक्सासमधील एका रेस्पिरेटरी थेरपिस्टच्या घरखर्चाचा हिशेब

अमेरिकेच्या केंद्रीय कामगार खात्याचा सांख्यिकी विभाग दरवर्षी व्यवसायनिहाय वेतनाचे आकडे प्रसिद्ध करतो. मे २०२४ च्या आकडेवारीनुसार रेस्पिरेटरी थेरपिस्टचे, म्हणजे रुग्णालयात श्वसनोपचार करणाऱ्यांचे, मध्यक वार्षिक वेतन ८०,४५० डॉलर आहे. म्हणजे देशातील निम्म्या थेरपिस्टना याहून जास्त आणि निम्म्यांना याहून कमी पगार मिळतो. व्हेंटिलेटर सांभाळणे, धमनीतून रक्त काढून त्यातील वायूंचे प्रमाण तपासणे, अकाली जन्मलेल्या बाळाच्या श्वासनलिकेत नळी घालताना डॉक्टरांच्या शेजारी उभे राहणे अशी जबाबदारी असलेल्या या व्यवसायात दोन वर्षांच्या असोसिएट पदवीवर प्रवेश मिळतो, हे लक्षात घेतले तर आकडा चांगलाच वाटतो. आपल्याकडचा वाचक त्याचे लगेच रुपये करून पाहतो आणि मग तो आणखी चांगला वाटू लागतो. तो मोह येथे टाळावा, कारण हा पगार जेथे मिळतो तेथेच तो खर्चही होतो.

या आकड्यामागचा गुणाकार फारसे कोणी उलगडून पाहत नाही. विभाग ताशी दर घेतो आणि त्याला २,०८० ने गुणतो, म्हणजे आठवड्याला ४० तास आणि वर्षाला ५२ आठवडे. मध्यक ताशी दर ३८.६८ डॉलर आहे आणि ८०,४५० हे त्याचेच वार्षिक रूप आहे. रुग्णालयांत मात्र बारा-बारा तासांच्या तीन पाळ्या, म्हणजे ३६ तासांचा आठवडा, सर्रास पूर्णवेळ मानला जातो. ३६ तासांनी वर्षाचे १,८७२ तास भरतात आणि त्याच दराने ७२,४०९ डॉलर होतात. एकही बिनपगारी रजा न घेता, एकही पाळी न चुकवता छापील आकड्यापेक्षा ८,०४१ डॉलर कमी पडतात. दुसरी बाजूही सांगायला हवी: या पाहणीत ओव्हरटाइमचे पैसे आणि रात्रपाळीचा जादा दर धरलेला नसतो, त्यामुळे काहींची प्रत्यक्ष कमाई छापील आकड्याच्या वरही जाते. ती कोणाची जाते आणि कोणत्या किमतीत, हाच या प्रकरणाचा विषय आहे.

प्रकरण

प्रस्तुत प्रकरण एका प्रातिनिधिक थेरपिस्टचे आहे. व्यक्ती रचलेली आहे. तिचा ताशी दर वर दिलेला मध्यक दर आहे, कराचे नियम २०२४ चे आहेत आणि घरखर्चाचे आकडे मांडणीच्या सोयीसाठी गोल करून घेतले आहेत. कोणत्याही एका शहराची सरासरी म्हणून ते वाचू नयेत. टेक्सासची निवड अशासाठी की त्या राज्यात राज्याचा आयकर नाही. हिशेब त्यामुळे सोपा होतो आणि थेरपिस्टच्या बाजूने थोडा झुकतोही.

या बाई चौतीस वर्षांच्या आहेत. एका ना-नफा रुग्णालयात त्या दिवसपाळीवर आहेत आणि चार वर्षांच्या मुलाला एकट्या वाढवतात. मुलाच्या वडिलांकडून येणारी रक्कम अनियमित असल्यामुळे ती हिशेबात धरलेली नाही. राष्ट्रीय मंडळाची दोन्ही टप्प्यांची परीक्षा देऊन त्यांनी आरआरटी ही वरची पात्रता मिळवली आहे, त्यामुळे पात्रता कमी म्हणून पगार कमी, असा मुद्दा येथे उरत नाही. त्यांचा प्रश्न साधा होता: दर मध्यक आहे, घरभाडे आवाक्यातले आहे, उधळपट्टी काही नाही, तरी महिनाअखेर क्रेडिट कार्डावर काही ना काही देणे राहतेच, ते का?

उत्तराची सुरुवात पहाटेच्या फोनपासून करावी लागते. रुग्णालयात रुग्ण कमी असले की पाच-सव्वापाचला फोन येतो आणि आजची पाळी रद्द झाल्याचे कळते. थेरपिस्ट याला कॉल ऑफ म्हणतात. अशा दिवसाचे पैसे मिळत नाहीत. हवे असल्यास साठवलेल्या भरपगारी रजेतून, म्हणजे पीटीओतून, बारा तास कापून घेता येतात. श्वसनाच्या कामाला ऋतू असतो. हिवाळ्यात फ्लू आणि आरएसव्ही या श्वसनविषाणूची लाट आली की जादा पाळ्यांसाठी मेसेजवर मेसेज येतात आणि उन्हाळ्यात तीच माणसे घरी बसवली जातात. या बाईंच्या वर्षात दहा पाळ्या रद्द झाल्या. चार त्यांनी पीटीओतून भरून काढल्या आणि सहा बिनपगारी गेल्या. म्हणजे ७२ तास आणि २,७८५ डॉलर बुडाले. पगारी तास उरले १,८००.

रुग्णसंख्येच्या चढउताराचा व्यावसायिक धोका ताशी कामगाराच्या अंगावर टाकणारी ही पद्धत मला दराच्या प्रश्नापेक्षा अधिक गंभीर वाटते. दरावर नोकरी घेताना निदान बोलता तरी येते. वर्षाला किती पाळ्या रद्द होतात, हे मुलाखतीत सहसा कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही.

हातात काय येते

१,८०० तासांचे ६९,६२४ डॉलर होतात. शनिवार-रविवारच्या सुमारे ३०० तासांवर ताशी दोन डॉलर जादा मिळतात, ते ६०० धरून एकूण कमाई ७०,२२४ होते. ऐंशी हजारांपासून आपण येथेच दहा हजारांनी खाली आलो आहोत आणि अजून एकही डॉलर कर कापलेला नाही.

आता कपाती पाहू. आई आणि मुलाच्या आरोग्य विम्याचा कर्मचाऱ्याचा हिस्सा वर्षाला ३,३८० डॉलर आहे. निवृत्तीच्या ४०३(बी) खात्यात पगाराच्या ५ टक्के, म्हणजे ३,५११ डॉलर जातात. मुलाच्या संगोपनासाठीच्या करमुक्त खात्यात, ज्याला डिपेंडंट केअर एफएसए म्हणतात, २०२४ च्या मर्यादेइतके ५,००० डॉलर वळवले जातात. हे पैसे पावत्या दाखवून परत मिळतात, पण त्यांवर आयकरही लागत नाही आणि सोशल सिक्युरिटी (सरकारी निवृत्तिवेतन) व मेडिकेअर (वृद्धांचा सरकारी आरोग्य विमा) यांची ७.६५ टक्क्यांची कपातही होत नाही. याउलट विवरणपत्रात संगोपन खर्चाची सवलत मागितली असती तर या उत्पन्नावर एका मुलासाठी जास्तीत जास्त ६०० डॉलर मिळाले असते. एफएसएतून सुमारे ९८० वाचतात. बाईंनी योग्य पर्याय निवडलेला आहे आणि पुढच्या हिशेबात तो गृहीत आहे.

एकट्या पालकासाठीच्या हेड ऑफ हाउसहोल्ड या वर्गात २०२४ ची स्टँडर्ड वजावट २१,९०० डॉलर होती. सगळे वजा जाता करपात्र उत्पन्न ३६,४३३ उरते. पहिल्या १६,५५० वर १० टक्के आणि उरलेल्यावर १२ टक्के धरून कर ४,०४१ होतो. मुलासाठीचे २,००० डॉलरचे चाइल्ड टॅक्स क्रेडिट, म्हणजे थेट करातून मिळणारी सूट, वजा केल्यावर भरायचा कर २,०४१ राहतो. सोशल सिक्युरिटी व मेडिकेअर मिळून ४,७३१ जातात, म्हणजे आयकराच्या दुपटीहून अधिक. अमेरिकेतील मध्यम कमाईच्या माणसाला आयकरापेक्षा हीच कपात जड जाते, हे बाहेरून पाहणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही. एफएसएचे परत आलेले पैसे धरून वर्षाला ५६,५६१ डॉलर, म्हणजे महिन्याला ४,७१३ डॉलर हातात येतात.

खर्च आणि त्यातला मोठा वाटेकरी

दोन खोल्यांच्या घराचे भाडे १,४५० डॉलर आहे आणि वीज-पाणी १९०. अमेरिकेच्या गृहनिर्माण खात्याच्या मापाने घरावरचा खर्च एकूण उत्पन्नाच्या ३० टक्क्यांच्या वर गेला तर ते कुटुंब घरखर्चाच्या ओझ्याखाली आहे असे मानतात. या बाईंचे प्रमाण २८ टक्के आहे, त्यामुळे सरकारी व्याख्येनुसार त्यांच्यावर ओझे नाही. ही व्याख्या कर कापण्यापूर्वीच्या उत्पन्नावर चालते, ही तिची पहिली उणीव. घरभाड्यानंतर काय उरते आणि त्यातून काय काय भागवायचे आहे याच्याशी तिला काही देणेघेणे नाही, ही दुसरी.

कारचा हप्ता, विमा, पेट्रोल आणि दुरुस्ती मिळून ६९५ डॉलर. किराणा ५६०. फोन आणि इंटरनेट १२०. शैक्षणिक कर्जाचा हप्ता १९०. डॉक्टरांकडे द्यावा लागणारा आपला वाटा आणि औषधे ९०. कपडे, घरातली किडुकमिडुक, परवान्याचे नूतनीकरण आणि जीवरक्षक प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे ताजी ठेवण्याचा खर्च २००. यांपैकी कोणत्याच रकमेत कापण्यासारखे फारसे काही नाही.

मुलाच्या संगोपनाचा खर्च मात्र बारकाईने पाहण्यासारखा आहे, कारण बारा तासांच्या पाळीचा खरा हिशेब तेथेच उघडा पडतो. पाळी पावणेसातला सुरू होते. रात्रीच्या थेरपिस्टकडून कोणत्या खोलीत कोणाचे व्हेंटिलेटर कोणत्या सेटिंगवर आहे, कोणाची नळी आज काढण्याचा प्रयत्न करायचा आहे, हे ऐकून घेत वेळेवर ताबा घ्यावा लागतो, म्हणून सहानंतर लगेच घर सोडावे लागते. संध्याकाळी सव्वासातला सुटका होते, तीही शेवटच्या क्षणी कोणाचा श्वास अडला नाही तर. डे केअर मात्र साडेसहाला उघडते आणि संध्याकाळी सहाला बंद होते. उशिरा येणाऱ्या पालकाला मिनिटाला दंड आहे. म्हणजे पाळीचा एकही दिवस डे केअरच्या वेळेत बसत नाही. सकाळी एक तास आणि संध्याकाळी दोन तास मुलगा शेजारच्या बाईंच्या घरी असतो. त्याला डे केअरला पोचवणे आणि आणणेही त्याच करतात. ताशी १६ डॉलरप्रमाणे महिन्याच्या सोमवार ते शुक्रवारमधल्या अकरा पाळ्यांचे ५२८ डॉलर होतात. शनिवार-रविवारच्या दोन पाळ्यांना बहीण मुलाला पाहते, म्हणून त्यांचे पैसे धरलेले नाहीत. शेजारच्या बाई स्वतःच्या घरी मुले सांभाळतात हेही बरेच आहे. त्या यांच्या घरी येऊन काम करत असत्या तर २०२४ च्या २,७०० डॉलरच्या मर्यादेपलीकडे मालक म्हणून सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा हिस्सा या बाईंनाच भरावा लागला असता.

डे केअरची फी महिन्याला ९५० आहे आणि ती पाच दिवसांची आहे. आठवड्यात तीनच पाळ्या असताना पाच दिवसांचे पैसे का, असा प्रश्न साहजिक आहे. तीन दिवसांची जागा मिळते, पण ती ठरलेल्या वारांची मिळते, आणि रुग्णालयाचे वेळापत्रक दर चार-सहा आठवड्यांनी बदलते. या आठवड्यात सोम-मंगळ-शुक्र, तर पुढच्यात बुध-गुरू-शनी. फिरत्या वारांची जागा ठेवणे डे केअरला सहसा परवडत नाही. त्यामुळे उरलेले दोन दिवसही विकत घ्यावे लागतात. पाळी पहाटे रद्द झाली तर शेजारच्या बाईंना सांगून ठेवलेल्या वेळेचे पैसे देणे भागच असते, कारण न दिल्यास पुढच्या वेळी त्या दुसऱ्या कोणाचे मूल घेतील.

दोन्ही मिळून संगोपनावर महिन्याला १,४७८ डॉलर जातात, म्हणजे घरभाड्यापेक्षा जास्त. वर्षाचे १७,७३६ होतात आणि एकूण कमाईशी त्यांचे प्रमाण पंचवीस टक्के पडते. केंद्रीय आरोग्य व मानवसेवा खात्याने २०१६ च्या नियमांत परवडणाऱ्या संगोपन खर्चाची कसोटी म्हणून उत्पन्नाच्या ७ टक्क्यांचे प्रमाण सुचवले होते.

एकूण खर्च ४,९७३ आणि हातात ४,७१३. दरमहा २६० डॉलरची तूट, वर्षाला ३,१२०. क्रेडिट कार्डावरच्या देण्याचे कोडे एवढेच आहे.

येथे मदतीच्या योजनांचा प्रश्न निघतो आणि त्याचे उत्तर चटकन देता येते. कमी उत्पन्नाच्या कामगारांसाठीच्या अर्न्ड इन्कम क्रेडिटची एका मुलासाठीची मर्यादा २०२४ मध्ये ४९,०८४ डॉलर होती. बाईंचे त्यासाठी धरले जाणारे उत्पन्न ५८,३३३ आहे. टेक्सासने २०१९ मध्ये पात्र चार वर्षांच्या मुलांसाठी सरकारी शाळांत पूर्ण दिवसाचे मोफत प्री-के, म्हणजे बालवाडी, सुरू केले, पण उत्पन्नाच्या निकषावर पात्र ठरायला २०२४-२५ मध्ये दोघांच्या कुटुंबाचे उत्पन्न अडतीस हजारांच्या आत हवे होते. ना-नफा रुग्णालयात दहा वर्षे हप्ते भरले की उरलेले शैक्षणिक कर्ज माफ होते, असे सहकारी सांगतात आणि ते खरेही आहे. २००७ च्या कायद्याने ती सोय केली. मात्र दोन वर्षांच्या पदवीचे कर्ज मुळातच लहान असते. उत्पन्नाशी जोडलेला हप्ता काढला तर या बाईंचा सूत्रानुसार सुमारे २३० डॉलर येतो, म्हणजे साध्या दहा वर्षांच्या हप्त्यापेक्षा जास्त. दहा वर्षांत कर्ज आपसूकच फिटते आणि माफ व्हायला काही उरत नाही. ही सवलत डॉक्टर आणि वकिलांच्या मोठ्या कर्जांना लाभते. थेरपिस्टच्या नियुक्तिपत्रात ती लाभ म्हणून मिरवावी, असे तिच्यात काही नाही.

चौथी पाळी

तूट भरण्याचा पहिला सुचणारा मार्ग म्हणजे ओव्हरटाइम. १९३८ च्या फेअर लेबर स्टँडर्ड्स ॲक्टनुसार आठवड्याच्या ४० तासांपुढे दीडपट दर मिळतो. बोलण्यात चौथी पाळी सरसकट दीडपट असे म्हटले जाते, पण ३६ तासांच्या आठवड्यात तसे घडत नाही. चौथ्या पाळीचे पहिले चार तास चाळिशी गाठण्यात जातात आणि ते साध्या दराने मिळतात; दीडपट फक्त उरलेल्या आठांना. म्हणून चौथ्या पाळीचे ६९६ नव्हे, तर ६१९ डॉलर होतात. त्याच आठवड्यात आधीची एखादी पाळी रद्द झालेली असेल, किंवा पीटीओ घेतलेला असेल, तर प्रत्यक्ष काम केलेले तास चाळिशीपर्यंत पोचतच नाहीत आणि जादा घेतलेल्या पाळीचे साधे ४६४ मिळतात. उन्हाळ्यात सोमवारी घरी पाठवायचे आणि शुक्रवारी जादा पाळीला बोलवायचे, यातून रुग्णालयाला दीडपट टळल्याचा फायदा होतो. तो हेतुपुरस्सर असतो असे मी म्हणत नाही. परिणाम मात्र तोच होतो.

६१९ मधून निवृत्ती खात्याचे ५ टक्के, आयकर आणि इतर कपात जाऊन ४७० हातात येतात. पुढचा भाग मुलावर अवलंबून आहे. पाळी सोमवार ते शुक्रवारमधल्या दिवशी असेल तर डे केअरचे पैसे आधीच भरलेले आहेत. शेजारच्या बाईंचे तीन तासांचे ४८ डॉलर द्यावे लागतात आणि ४२२ उरतात. पाळी रविवारी असेल आणि त्या दिवशी बहीण मोकळी नसेल, तर चौदा तासांचे २२४ डॉलर जातात आणि सुटीच्या दिवसाचा जादा दर धरूनही २६४ च उरतात. तीच पाळी, तोच वॉर्ड, तेच काम, आणि हातात पडणाऱ्या पैशांत दीडशेहून अधिक डॉलरचा फरक. वर्षाची तूट आठवडी दिवसांच्या आठ पाळ्यांत भरून निघते. रविवारी काम केले तर बारा पाळ्या लागतात. बाई आतापर्यंत मिळेल ती पाळी घेत होत्या, आणि रविवारीच पाळ्या जास्त मोकळ्या असल्यामुळे त्याच जास्त घेत होत्या.

जुलै २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने २०२५ ते २०२८ या वर्षांसाठी ओव्हरटाइमवर वजावट दिली. तिच्याविषयी ओव्हरटाइम करमुक्त झाला असे सर्रास बोलले जाते. प्रत्यक्षात वजावट फक्त जादा मिळणाऱ्या अर्ध्या दराच्या भागाला आहे आणि तीही फक्त आयकरातून. सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर पूर्ववत कापले जाते. बाईंच्या एका चौथ्या पाळीत हा भाग १५५ डॉलरचा आहे. १२ टक्क्यांच्या कराने बचत साडेअठरा डॉलर होते.

दुसऱ्या रुग्णालयात पीआरएन म्हणून, म्हणजे लागेल तेव्हा बोलावलेले कामगार म्हणून नाव नोंदवण्याचा पर्यायही होता. तेथे दर जास्त असतो, कारण विमा आणि रजा नसते. समजा तो ४४ डॉलर आहे. आपल्या रुग्णालयातल्या ३८.६८ पेक्षा तो सव्वापाच डॉलरने जास्त, पण दोन असंबद्ध मालकांकडचे तास ओव्हरटाइमसाठी एकत्र मोजले जात नाहीत, त्यामुळे बारा तासांचे ५२८ होतात आणि घरच्या रुग्णालयातली चौथी पाळी ६१९ वर राहते. बाहेरचा दर ५१.५७ च्या वर गेला तरच बाहेर जाण्यात अर्थ आहे. ज्या आठवड्यात पाळी रद्द झाली त्या आठवड्यात मात्र हे उलटते. घरी ४६४, बाहेर ५२८. म्हणून पीआरएन नोंदणीकडे जादा कमाई म्हणून नव्हे, उन्हाळ्यातल्या रद्द पाळ्यांवरचा उतारा म्हणून पाहणे हिशेबाला धरून आहे, आणि बाईंनी ती त्याच कारणाने केली.

बाकीचे पर्याय लवकर बाजूला पडले. रात्रपाळीचा ताशी चार डॉलर जादा दर वर्षाला ७,२०० देतो, पण मुलाजवळ रात्रभर झोपायला माणूस हवा. त्याचा खर्च जादा दराहून मोठा आहे. प्रवासी कंत्राटांत राहण्या-जेवण्याचा भत्ता करमुक्त मिळतो, मात्र त्यासाठी मूळ गावी खरेखुरे घर चालू ठेवावे लागते आणि एका ठिकाणचे काम वर्षाहून अधिक चालणार असेल तर करमुक्ती जाते; चार वर्षांच्या मुलाला घेऊन दर तेरा आठवड्यांनी गाव बदलणे हा पर्यायच नव्हे. कॅलिफोर्नियात या व्यवसायाला देशातले सर्वांत वरचे दर मिळतात आणि बाईंकडे तेथील परवान्याला लागणारी आरआरटी पात्रता आहे, पण राज्याचा आयकर आणि भाडी तेथे वाट पाहत आहेत आणि बहीण मात्र टेक्सासात आहे. महिन्यातल्या विकेंडच्या दोन पाळ्यांना फुकट मुलाला सांभाळणाऱ्या बहिणीची बाजारभावाने किंमत काढली तर वर्षाला पाच हजार डॉलरच्या वर जाते. कोणत्याही शहराच्या महागाई निर्देशांकात ती दिसत नाही.

दर वाढला, पण कोणासाठी

मे २०१९ मध्ये या व्यवसायाचे मध्यक वेतन ६१,३३० डॉलर होते. पाच वर्षांत ते ३१ टक्क्यांनी वाढले, तर ग्राहक किमतींचा निर्देशांक त्याच काळात सुमारे २३ टक्क्यांनी. पाहणी तीन वर्षांची माहिती एकत्र करून केली जाते, त्यामुळे वर्षावर्षांची तुलना ढोबळच समजावी. तरीही व्यवसाय म्हणून वेतन महागाईच्या मागे पडले, असे या आकड्यांवरून म्हणता येत नाही. मागे पडले ते एकाच जागी टिकून राहिलेले. २०१९ चा ताशी दर २९.४८ होता. दरवर्षी ३ टक्के वाढ घेत जो त्याच रुग्णालयात राहिला, त्याचा दर २०२४ मध्ये ३४.१८ झाला. नव्याने रुजू होणारा मात्र बाजाराचा ३८.६८ घेऊन आला. ताशी साडेचार डॉलरचा हा फरक म्हणजे निष्ठेला मिळालेला दंडच आहे. कोविडनंतर माणसे मिळेनाशी झाल्यावर रुग्णालयांनी दर वाढवले ते मुख्यतः बाहेरून येणाऱ्यांसाठी, आणि आतल्यांना त्याची भरपाई देताना हात आखडता घेतला, असे अनेक ठिकाणचे थेरपिस्ट बोलून दाखवतात.

या बाई २०२२ मध्ये जागा बदलून आल्या, म्हणून त्यांचा दर बाजाराइतका आहे. येथून पुढे त्यांचेही घड्याळ तसेच चालणार आहे. ३ टक्के वाढ म्हणजे ताशी १.१६ डॉलर, कपाती जाऊन महिन्याला १३२ हातात पडतात. भाडे ५ टक्क्यांनी वाढले तर त्यातले ७२ भाड्यातच जातात.

ठरलेली व्यवस्था

ऑक्टोबर ते मार्च या काळात आठवडी दिवसांच्या दहा जादा पाळ्या घ्यायच्या, त्याही ज्या आठवड्यात तिन्ही नेमलेल्या पाळ्या पक्क्या आहेत त्याच आठवड्यात. रविवारच्या जादा पाळ्या बहीण मोकळी असेल तरच. यातून ४,२२० डॉलर येतात; तूट भरून उरलेले अकराशे उन्हाळ्यातल्या रद्द पाळ्यांसाठी वेगळे ठेवायचे. निवृत्ती खात्याचे ५ टक्के थांबवावेत, असाही विचार झाला होता. रुग्णालय त्यावर आपला वाटा घालते आणि आपण थांबलो तर तोही थांबतो, म्हणून ते सोडून दिले.

मुलगा १ सप्टेंबरपूर्वी पाच वर्षांचा होत असल्यामुळे पुढच्या ऑगस्टपासून तो सरकारी किंडरगार्टनला जाईल. डे केअरचे वर्षाचे ११,४०० डॉलर संपतील. शाळेनंतरचा वर्ग आणि उन्हाळी शिबिरे यांना सुमारे ५,२०० लागतील. शेजारच्या बाई लागतीलच, कारण शाळेनंतरचा वर्गही सहालाच बंद होतो. महिन्याला ५१७ सुटतात आणि २६० ची तूट जवळजवळ तेवढ्याच शिलकीत बदलते. दर न बदलता, पद न बदलता घराचा हिशेब जमेत येतो, तो मुलाच्या वाढदिवसामुळे.

जागा बदलण्याचा प्रश्न बाईंनी जूनपर्यंत पुढे ढकलला आहे. तेव्हा जवळच्या रुग्णालयांचे दर विचारायचे आणि ते २,०८० ने नव्हे, १,८०० ने गुणायचे, असे ठरले. फरक ताशी दोन डॉलरच्या आत असेल तर हलायचे नाही. नव्या ठिकाणी पीटीओचा साठा शून्यापासून सुरू होतो, आणि तो नसताना आताच्या हिशेबातल्या त्या चार पाळ्याही बिनपगारी झाल्या तर १,८५७ डॉलर, म्हणजे पहिल्या वर्षाच्या वाढीतला ताशी डॉलरभर, तेथेच जातो. दर विचारतानाच गेल्या उन्हाळ्यात किती पाळ्या रद्द झाल्या हेही विचारायचे, आणि ते व्यवस्थापकाला नव्हे, तेथे काम करणाऱ्या थेरपिस्टना.